पंचवीस टक्के, पण कशाचे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला पोटगीवरचा लेख वाचला. सोमवारी परत काढून वाचला, राग कमी होईल म्हणून. झाला नाही. लेखक वकील आहेत, मी नाही. मी एकतीस वर्षे सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेत पगारपत्रके केली, त्यामुळे कलमे नाही तरी कपातीचे रकाने मला वाचता येतात. 'पत्नीला पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी मिळते' हे वाक्य आपण चौकटीत, ठळक छापलेत. पगाराच्या म्हणजे कोणत्या आकड्याच्या, हे विचारावेसे कोणालाच वाटले नाही?

माझ्या भाचीचा नवरा सरकारी नोकर, जुन्या पेन्शनवाल्यांपैकी. २०१६ साली तिने अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच्या पोटगीचा अर्ज केला. याने पगाराची स्लिप हजर केली. हातात पडणारी रक्कम १५,७०० रुपये! वर चेहरा असा, की आपणच त्याला उसने द्यावेत. आमच्या वकीलसाहेबांनी स्लिप पाहिली आणि मान हलवली. मी म्हटले, जरा इकडे द्या. एकूण पगार ४२,००० होता. भविष्य निर्वाह निधीची कपात १२,०००, पतसंस्थेचा हप्ता ११,५००, विमा २,६००, व्यवसाय कर २००. मी तिथेच व्हरांड्यातल्या बाकावर भाचीला म्हटले, याची कोर्टाची नोटीस मिळण्याआधीची स्लिप मागव. ती म्हणाली, "मावशी, जाऊ दे ना." मी कशाला जाऊ देते!

जुनी स्लिप यायला तीन तारखा गेल्या. ती आणणारा आस्थापना लिपिकच होता, म्हणजे आमच्याच पंथातला, त्यामुळे याबद्दल फार बोलता येत नाही. त्या स्लिपमध्ये निर्वाह निधीला फक्त ३,००० जात होते आणि पतसंस्थेच्या कर्जाचा पत्ताच नव्हता. दोन्ही नोटिशीनंतरचे. निर्वाह निधीत जास्तीचे भरलेले पैसे कुठे जात नाहीत हो, व्याजासकट त्यालाच परत मिळतात. ती बचत आहे. कर्जाचे पैसेही त्यानेच उचललेले. आता हिशेब करा. १५,७०० चे पंचवीस टक्के ३,९२५. जुन्याच कपाती धरल्या तर हातात ३६,२००, त्याचे पंचवीस टक्के ९,०५०. टक्का तोच! तोवर अंतरिम आदेश होऊन गेला होता : दरमहा ४,०००. पुढे आकडा वाढला, पण तोपर्यंत भाचीने शिवणाच्या दोन बॅचेस सुरू केल्या होत्या आणि तिच्या वडिलांची एक मुदतठेव मोडली होती.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ मध्ये असा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे लिहिले आहे. भाचीचे साठ दिवस चौदा महिन्यांचे झाले, आणि रक्कम आदेशाच्या तारखेपासून धरली. मधले महिने हवेत विरले. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे असे सांगितले. आमच्या वेळी हे असते तर! सामान्य बाईला उपयोगी पडेल अशी ही एकच गोष्ट, आणि तुमच्या पानभर लेखात प्रतिज्ञापत्राचा 'प्र'सुद्धा नाही. कोट्यवधींच्या घटस्फोटांचे फोटो मात्र तीन.

आणि ज्यावरून हा पंचवीस टक्क्यांचा नियम काढतात, तो निकाल. एप्रिल २०१७ चा, सर्वोच्च न्यायालयाचाच, पश्चिम बंगालमधल्या प्रकरणातला. त्यात नवऱ्याचा निव्वळ पगार ९५,५२७ रुपये होता. उच्च न्यायालयाने २३,००० ठरवले होते, नवऱ्याचे दुसरे लग्न आणि त्या संसारातले मूल लक्षात घेऊन सर्वोच्च न्यायालयाने ते २०,००० केले. भागाकार करून पाहा, एकवीस टक्केसुद्धा भरत नाहीत. ज्या निकालावरून नियम काढला त्यालाच नियम लागू पडत नाही. पगारपत्रकात मी असे केले असते तर लेखापरीक्षकाने आक्षेपाचा परिच्छेद लिहिला असता.

'हल्ली बायका पोटगीवर मजा करतात' हे लेखातले शेवटून दुसरे वाक्य लेखकाचे की उपसंपादकाचे, ते कळले नाही. ४,००० रुपयांत कोणती मजा होते, ते कळवावे. शिवाय त्याच हिंदू विवाह कायद्याने नवराही बायकोकडे पोटगी मागू शकतो. नांदेडच्या एका शिक्षिकेला नवऱ्याला दरमहा ३,००० द्यावे लागल्याची बातमी २०२२ मध्ये गाजली होती. तेव्हा नवरे मजा करतात असे कोणी लिहिल्याचे आठवत नाही.

जाता जाता. गेल्या वर्षी पाणीपट्टीवरच्या माझ्या पत्राचा मधला परिच्छेद आपण उडवलात. त्यामुळे मी पालिकेची बाजू घेतल्यासारखे छापून आले आणि आमच्या सोसायटीत दोन बायका माझ्याशी आठवडाभर बोलत नव्हत्या. जागेची अडचण मी समजू शकते. हेही पत्र कापावे लागले तर वरची बेरीज-वजाबाकी तेवढी ठेवा, बाकी काहीही कापा.

आपली,
एक निवृत्त वरिष्ठ लिपिक, सातारा