दहिसर नदीचे काठ मातीचेच राहू द्या

महोदय,

तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावणारी दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून वाहते तोवर बरीच स्वच्छ असते. बाहेर पडताच तिच्यात सांडपाणी, तबेल्यांचे शेण आणि कचरा मिसळू लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्यानंतर मुंबईतील नद्यांच्या रुंदीकरणाला वेग आला आणि ते आवश्यकही होते. परंतु त्यासोबत काठांवर काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या आणि पाणी जमिनीत मुरण्याची वाट अडली, हे फार क्लेशदायक आहे. नदीत उघडणारी प्रत्येक सांडपाण्याची वाहिनी महापालिकेने मलनिस्सारण व्यवस्थेला जोडावी आणि जेथे काठ अजून मातीचे आहेत तेथे नवी भिंत बांधू नये, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, बोरिवली