आयएसबीएन फुकट मिळतो, हे आधी सांगा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत स्वतःची पुस्तकं स्वतःच काढून यशस्वी झालेल्या लेखकांवरचा लेख वाचला, आवडला, पण त्यात पैशाचा हिशोब कुठेच नव्हता आणि नवीन माणूस नेमका तिथेच फसतो, म्हणून हे पत्र. मी स्वतः पुस्तकं काढते आणि विकते.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त सरांनी कवितासंग्रहासाठी पुस्तक काढून देणाऱ्या एका कंपनीचं ६० हजारांचं पॅकेज घेतलं. त्यात आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापतात त्या ओळख क्रमांकाचे, पैसे वेगळे लावलेले. अहो, आयएसबीएन आपल्याकडे फुकट मिळतो! शिक्षण मंत्रालयाच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडे लेखक स्वतः ऑनलाइन अर्ज करू शकतो. आणि कंपनीने स्वतःच्या नावावर घेतला की प्रकाशक म्हणून तीच लागते, हेही सरांना कोणी सांगितलं नाही. आता पुस्तकांचे गठ्ठे कॉटखाली पडून आहेत, कारण ते विकून देणं पॅकेजमध्ये नव्हतंच.

आता हिशोब बघा. माझं २२४ पानांचं पुस्तक, किंमत २५० रुपये, ३०० प्रती काढल्या तर छपाई प्रतीमागे १०० च्या घरात जाते. दुकानात ठेवलं तर ४० टक्के कमिशन, म्हणजे अजून १०० गेले, हातात राहतात ५० आणि तेही कधी मिळतील त्याचा भरवसा नाही. तेच वाचकाने व्हॉट्सॲपवर मागवलं, यूपीआय केलं आणि मी पोस्टाने पाठवलं तर १२० च्या आसपास सुटतात. डिसेंबर २०२४ मध्ये पुस्तकं स्वस्तात पाठवायची टपाल खात्याची रजिस्टर्ड बुक पोस्ट बंद झाली तेव्हा आमच्यासारख्यांचं कंबरडंच मोडलं होतं, मग १ मे २०२५ पासून तिच्या जागी ज्ञान पोस्ट आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, वर कर. म्हणून मी कागद ठरवतानाच वजन काढते, ८० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तितका कागद जड) घेतला असता तर पॅकिंगसकट ३०० च्या वर गेलं असतं, ७० चा घेतला, खाकी कागद नि पातळ पुठ्ठा धरून आत बसलं.

ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी ई-बुक स्वतः टाकता येतं, ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी असते, तेही करावं. पण खरं भांडवल म्हणजे स्वतःच्या वाचकांची यादी, नाव, गाव, नंबर, कुठलं पुस्तक घेतलं. छपाईआधीच या लोकांकडून पुस्तकाची आगाऊ नोंदणी घ्यायची. ज्ञानकोशकार केतकरांनी तर लिमिटेड कंपनी काढून लोकांकडून भांडवल उभं केलं आणि ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, ते कुठल्या प्रकाशकाची वाट बघत बसले नाहीत.

यावर घर चालतं का, असं लोक विचारतात. एका पुस्तकावर नाही चालत. तीन-चार पुस्तकं झाली की नवीन घेणारा जुनंही मागतो आणि मग दर महिन्याला थोडे थोडे पैसे येत राहतात. तोपर्यंत नोकरी सोडू नये, असं मी प्रत्येकाला सांगते.

तुम्हाला एक विनंती. तुमच्या पुस्तक परिचयाच्या सदरात लेखकाने स्वतः काढलेलं पुस्तक मी तरी अजून पाहिलेलं नाही. महिन्यातून एकदा तरी अशा एका पुस्तकाला जागा द्या, निवड तुमचीच, फक्त पुस्तक कुठे मिळेल ते खाली छापा.

आपली,
एक लेखिका, सोलापूर