पाय कापू नका : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना जळगावहून एक पत्र

माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

आपली-माझी ओळख नाही. पण मान्यवरांची आणि माझ्या विद्यार्थिनींची ओळख जुनी आहे. जिल्ह्यात कशाचंही उद्घाटन निघालं की आदल्या दिवशी फोन यायचा, "ताई, उद्या स्वागतनृत्य पाहिजे. पाचच मिनिटं. गणेशवंदना चालेल." मुली सकाळी आठला घुंगरू बांधून तयार असायच्या. पाहुणे यायचे साडेअकराला. एप्रिलमधलं जळगाव आपल्याला ठाऊक असेलच. मंडपाच्या पत्र्याखाली तोवर काजळ गालावर आलेलं असायचं. मग निवेदक माझ्या कानाशी येऊन म्हणायचा, "ताई, वेळ कमी आहे, दोन मिनिटांत आटपा." तिहाई, म्हणजे तीनदा घ्यायचा तोच बोल, दोनदा घेऊन तिसऱ्यांदा सोडून देता येत नाही, हे त्याला त्या गडबडीत कोण समजावणार? सहा वर्षांपूर्वी मी अशा कार्यक्रमांना मुली पाठवणं बंद केलं. त्याचा राग काहींना अजून आहे.

हे पत्र मात्र त्याबद्दल नाही. ते आहे नाच कॅमेऱ्यात जपायला सरकारी मदत मिळण्याबद्दल.

मी कथक करते. वडील भुसावळला रेल्वेत होते, तिथे नवव्या वर्षी तत्कार, म्हणजे पायांनी ताल धरणं, शिकले. पुढचं शिक्षण पुण्यात झालं. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली तिथे 'नृत्यभारती' सुरू केली आणि मराठी घरातली मुलगी कथक करू शकते, त्यावर विचारही करू शकते, हे पुण्याच्या अंगवळणी पाडलं. त्या वातावरणाचा फायदा माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलींना झाला. सत्ताविसाव्या वर्षी मी जळगावला परत आले. लोकांनी विचारलं, "पुणं सोडून इथं कशाला?" बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे धडे याच जळगावात घेतले होते, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृहही इथे आहे. त्यामुळे मला तो प्रश्न जरा अपमानास्पदच वाटला.

गेली तेवीस वर्षं शिकवते आहे. क्लास कधी मंगल कार्यालयात, कधी शाळेच्या वर्गात बाक सरकवून, कधी गच्चीवर. लग्नसराईत मंगल कार्यालय मिळत नाही, परीक्षांच्या दिवसांत शाळा मिळत नाही, आणि उन्हाळ्यात गच्चीवर संध्याकाळी सातलाही पाय भाजतात. जमीन सगळीकडे शहाबादी, नाहीतर कोटा, नाहीतर सिमेंट. कथकमध्ये पूर्ण तळवा जमिनीवर आपटतो, रोज हजारो वेळा. लाकूड तो धक्का थोडा पोटात घेतं. दगड तो जसाच्या तसा गुडघ्यात परत पाठवतो. एकेचाळिसाव्या वर्षी माझा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, शिकवा, पण नाचू नका. बसून पढंत करायची, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे, टाळी धरायची, पण उठून एक तुकडा दाखवायचा नाही. शिक्षकाला ही शिक्षा किती मोठी आहे, ते शिकवणाऱ्यालाच कळेल.

कॅमेरा माझ्या आयुष्यात आला तो असा, गुडघ्याच्या दारातून.

एका विद्यार्थिनीचा भाऊ लग्नाची शूटिंग घेतो. त्याला म्हटलं, माझ्या मोठ्या मुलींचा नाच घेऊन ठेव, म्हणजे लहानांना दाखवायला काहीतरी राहील. त्याने घेतला. घरी येऊन बघते तर अकरा मिनिटांत नऊ मिनिटं चेहरा. आमद, म्हणजे नाचातला प्रवेश, चालू आहे आणि पडद्यावर नाकातली नथ! मी म्हटलं, "अरे दादा, पाय कुठे आहेत?" तो अहिराणीत म्हणाला, "ताई, तोंड सोडीसन पाय काय दखाडाना?" त्याचं काही चुकलं नव्हतं. लग्नात नवरीचे पाय बघायला कोण येतं?

मग आम्ही दोघं शिकलो. कॅमेरा कमरेच्या उंचीला ठेवायचा. चौकटीत डोक्याच्या वर हातभर जागा आणि पायाखाली वीतभर जमीन. घुंगरांचा आवाज कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकवर फाटतो, म्हणून वेगळा माइक जमिनीलगत, स्पंजच्या तुकड्यावर. तबल्याला दुसरा. संकलन करताना समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कट मारायचा नाही. सम आल्यावर अंग जे क्षणभर थिजतं तेवढं तरी बघणाऱ्याला मिळू द्यायचं. हे कुठल्या पुस्तकातून आलं नाही. चुकतमाकत आलं.

एक गोष्ट मला आधी कळायला हवी होती. आरशात मुलीला स्वतःचं समोरचं अंग दिसतं, कॅमेऱ्यात पाठ दिसते. चक्कर घेताना डावा खांदा पडतो, हे मी एका मुलीला चार वर्षं सांगत होते. तिने ते एकदा पाहिलं आणि आठवड्यात सुधारलं. मी नाचणं सोडून शिकवणं आणि शिकवणं सोडून चित्रपट, असं लोकांना वाटतं. मी काहीच सोडलेलं नाही. एकच काम आहे. पाय थकले तेव्हा तोंडाने केलं, तोंड पुरेना तेव्हा कॅमेऱ्याने.

आता मुद्द्याचं. तीन वर्षांपूर्वी मी एका छोट्या माहितीपटासाठी मदत मागायला एका सरकारी कार्यालयात गेले. कोणतं ते सांगत नाही, तिथले लिपिक सज्जन होते, त्यांनी चहाही पाजला. कागद चाळून त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही कलाकारात बसता, शिक्षकात बसता की निर्मात्यात बसता?" मी म्हटलं, "मी सकाळपासून उभीच आहे." ते हसले, पण प्रश्न तसाच राहिला. निर्माती म्हणून यायचं तर निर्मितीसंस्था हवी आणि आधीच्या चित्रपटाचं सेन्सॉर प्रमाणपत्र हवं. कलाकार म्हणून यायचं तर ज्येष्ठ कलावंतांचं मानधन आहे, पण त्याला पन्नाशी पूर्ण लागते आणि मी तेव्हा सत्तेचाळीस. शिक्षक म्हणून यायचं तर क्लास खासगी. तीन खिडक्या, आणि मी तिन्हींच्या मधल्या भिंतीसमोर.

मंत्री महोदय, ही भिंत मुळात नव्हती. नर्तक उदयशंकर यांचंच बघा. युरोप-अमेरिका गाजवून ते परतले आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अल्मोड्याला केंद्र काढलं. कथकलीला शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमला कंडप्पा पिल्ले, संगीताला अल्लाउद्दीन खाँ. जोहरा सहगल तिथे शिकवत होत्या, गुरुदत्त तिथे शिकले. महायुद्धाच्या धामधुमीत पैशाची वाट बंद झाली आणि केंद्र मिटलं. मग हा माणूस मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत गेला आणि १९४८ साली त्याने 'कल्पना' हा चित्रपट पडद्यावर आणला. गोष्ट कुणाची, तर कलाकेंद्र काढायचं स्वप्न बघणाऱ्या नर्तकाची. चित्रपट धंद्यात आपटला, दुसरा त्यांनी केला नाही. पण त्याची दुरुस्त केलेली प्रत २०१२ साली कान महोत्सवात दाखवली गेली. अल्मोड्याचं केंद्र उरलं नाही. तिथली माणसं कशी नाचायची, हे त्या चित्रपटामुळे आज डोळ्यांनी बघता येतं. उदयशंकर यांना कुठल्या खिडकीवर पाठवलं असतं?

त्याच कंडप्पा पिल्ले यांच्या शिष्या बालसरस्वती. त्यांच्यावर सत्यजित राय यांनी माहितीपट केला तो १९७६ साली. बाई तेव्हा ५८ वर्षांच्या होत्या. समुद्रकिनाऱ्यावर, वाऱ्यात उडणाऱ्या साडीनिशी त्या अभिनय करतात ते बघताना अंगावर काटा येतो, आणि दर वेळी मनात येतं, हा कॅमेरा वीस वर्षं आधी आला असता तर? एवढ्या मोठ्या नर्तकीपर्यंत, तेही मद्रासमध्ये, कॅमेरा असा उशिरा पोहोचला. आमच्या अमळनेर-पारोळ्याच्या नाचणाऱ्या बायांपर्यंत तो कधी पोहोचायचा?

आमच्या चाळीसगावात केकी मूस राहायचे. छायाचित्रकार, चित्रकार, शिल्पकार, कागदाच्या घड्यांतून आकार काढणारे. चाळीसगावातल्या त्या एका घरात बसून त्यांनी टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खे देखावे उभे केले आणि त्यांची छायाचित्रं घेतली. १९८९ साली ते गेले. त्यांना 'तुम्ही नेमके कशात बसता' असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. त्यांनी कुणाकडे अर्जच केला नसावा, हेही खरं.

माझा तो माहितीपट गुलाबाईवर आहे. शास्त्रीय नृत्यवालीने लोकगीतांत कशाला शिरायचं, असं मला एका जाणकारांनी ऐकवलं. मी शिरले नाही, मी त्यातूनच आले. भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई-गुलाबाजी बसतात आणि कोजागिरीपर्यंत महिनाभर खान्देशात पोरी घरोघर गाणी म्हणत फिरतात, टिपऱ्या वाजवतात, डब्यात झाकलेला खाऊ ओळखतात. माझ्या पायात लय आली ती तिथे. दादरा नावाचा ताल असतो हे कळायच्या कितीतरी आधी टिपऱ्यांनी तो हातात घातला होता. आता बहुतेक ठिकाणी स्पीकरवर गाणी लागतात आणि पोरी त्यावर रील काढतात. रीलला माझी ना नाही. पण आजीच्या पिढीतली बाई टिपरी मारताना कमरेतून कशी झुकते आणि पुढचं पाऊल कसं उशिरा टाकते, ते रीलच्या अर्ध्या मिनिटात मावत नाही.

पारोळा तालुक्यातल्या एका गावात तीन बाया सापडल्या. सर्वांत मोठी तेव्हा ८० वर्षांची. अडचण आली ती ऋतूची. गुलाबाईच्या अखेरच्या दिवसांत नेमकी कापूस वेचणी सुरू होते. वेचणी किलोवर असते. दिवस बुडाला की मजुरी बुडाली. त्यामुळे शूटिंग फक्त संध्याकाळी, उजेड जाईपर्यंतच्या चाळीस मिनिटांत. दोन वर्षांत मिळून माझ्याकडे सहा तासांचं चित्रण जमलं आहे. पैसे क्लासच्या फीमधून आणि एका सोन्याच्या बांगडीतून. गेल्या कोजागिरीला ते कच्चं चित्रण मी त्याच गावात चादरीवर दाखवलं. आजी बराच वेळ स्वतःकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "माय वं, मी इतली म्हतारी व्हई गऊ?" सगळ्या हसल्या. मग त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसून सांगितलं की तिचं पाऊल चुकतंय. तेही बरोबर होतं.

आपल्याकडे माझी मागणी एक आहे. दुसरी आहे ती फक्त लाकडाची.

नृत्याच्या चित्रीकरणासाठी आपल्या खात्यात निधीचं स्वतंत्र शीर्ष असावं आणि त्यात नाचणाऱ्या-शिकवणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावाने अर्ज करता यावा. निर्मितीसंस्था नको, आधीचं प्रमाणपत्र नको. वीस मिनिटांचं कच्चं चित्रण मागा, तेवढ्यात कळतं कोणाला नाच दिसतो आणि कोणाला नथ. रक्कम मोठी नसली तरी चालेल, पण तीत नाचणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी धरलेली असावी. प्रत्येक चित्रपटासोबत एक तरी नाच पहिल्यापासून शेवटपर्यंत न तोडता, पूर्ण अंगासह जमा करायची अट घाला. प्रत एक पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात, एक इथल्या बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात, आणि एक तालुक्याच्या वाचनालयात, म्हणजे ज्यांचा नाच आहे त्यांना तो बघायला पुण्याचं तिकीट काढावं लागणार नाही.

आणि लाकूड. जिल्ह्याच्या प्रत्येक सरकारी नाट्यगृहात एक तालीमखोली लाकडी जमिनीची करा आणि दुपारी रिकामी असते तेव्हा ती स्थानिक शिक्षकांना परवडेल अशा भाड्याने द्या. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांचे वाढीव गुण आपण देता. त्यावर टीका खूप होते, आणि आठवीतली मुलगी पहिल्याच दिवशी "मॅडम, मध्यमा परीक्षा दहावीच्या आत होईल ना?" असं विचारते तेव्हा मलाही चिडचिड होते. पण त्या गुणांमुळेच पाचोरा-शेंदुर्णीकडच्या मुली एसटीने क्लासला येऊ लागल्या, त्यातल्या दोघी गुण मिळाल्यावरही शिकत राहिल्या. गुण देता तर गुडघेही सांभाळा, एवढंच म्हणणं.

या वर्षीही गुलाबाई बसेल तेव्हा मी संध्याकाळी त्या गावात असेन. आजी ८३ च्या आहेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, टिपऱ्या अजून हातात धरतात. कॅमेरा त्या लग्नवाल्या दादाचा, ट्रायपॉड माझा. अर्ज पुन्हा भरून टपालाने आपल्या कार्यालयाकडे पाठवला आहे. त्यात 'कोणत्या शीर्षाखाली' अशी एक चौकट आहे. ती मी रिकामी सोडली आहे.

आपली,
एक कथक शिक्षिका
जळगाव