हात सोड म्हटलं की हात सोडायचे

न्यूयॉर्क

प्रिय अनू,

"या वयात झुल्यावर लटकायची हौस कुठून आली?" हे वाचून हसू आलं. हौस जुनीच गं. दोरीच्या मल्लखांबावर आपण दोघी उलट्या लटकूनच मोठ्या झालो की! इथे उन्हाळ्यात ट्रपीझचे, म्हणजे सर्कशीतल्या त्या उंच झुल्याचे, वर्ग उघड्यावर भरतात आणि अगदी नवख्यालाही पहिल्याच दिवशी वर चढवतात, हे कळल्यावर नाव घालून टाकलं.

आधी खालीच एका दांडीला लटकवून सगळं घोकून घेतात. मग कमरेला पट्टा आवळतात, इतका करकचून की श्वास छातीतच अडकावा. पट्ट्याच्या दोन्ही अंगांना दोऱ्या, त्या वर कप्प्यांवरून फिरून खाली शिकवणाऱ्या बाईंच्या हातात. उभं राहायची फळी साधारण तेवीस फुटांवर. खाली जाळी असते, पण वरून ती मच्छरदाणीइतकीच भक्कम वाटते! हाताला पांढरी पूड चोळायची. खांबाला एरंडेल लावणाऱ्या आपल्या सरांना हे भलतंच कोरडं वाटलं असतं.

'रेडी' म्हटलं की गुडघे वाकवायचे, 'हेप' म्हटलं की निघायचं.

आता खरी गंमत ऐक. झोका पुढच्या टोकाला गेला की क्षणभर अंगाला वजनच राहत नाही. नेमकी तेव्हा खालून हाक येते, 'पाय वर!' त्या क्षणी पाय उचलले तर ते अलगद दांडीवर जातात. तो क्षण हुकला आणि झोका खाली आला की अंग दुपटीहून जड होतं, मग दंडात कितीही बळ असो. आमच्यातला एक कमावलेल्या शरीराचा दांडगा तसाच लोंबकळत राहिला, आणि एक शाळकरी पोरगी सहज उलटी झाली. आपण दोरीला पायांची अढी घालून वाढलेल्या, त्यामुळे गुडघ्यांची मला काळजी नव्हती. काळजी होती हाकेची. मल्लखांबावर पकड कधी सोडायची ते आपलं आपण ठरवतो. इथे अंग 'थांब' म्हणत असतं आणि खालून बाई ओरडतात, 'हात सोड!' त्यांचं ऐकायचं, स्वतःचं नाही. मला हे किती जड गेलं असेल ते तुला सांगायला नको.

आणि झेल! समोरच्या झुल्यावर एकजण उलटा लटकून येतो. आपण पाठीची कमान करून हात लांब करायचे, बस्स. पकडायला धडपडायचं नाही. तो मनगटं धरतो, मग आपण त्याची. मला झेललं गं! खाली जाळीत पाठीवर पडले तरी हसतच होते.

पॅरिसमध्ये १८५९ साली ज्यूल लेओतार्द नावाच्या फ्रेंच कसरतपटूने हा खेळ लोकांना पहिल्यांदा दाखवला, तोही जाळीशिवाय. सराव मात्र गडी वडिलांच्या व्यायामशाळेतल्या पोहण्याच्या तलावावर करायचा, शहाणाच म्हणायचा. आणि त्यानंतर जेमतेम वीसेक वर्षांत, १८८० ला, तुमच्या सांगलीकडचे विष्णुपंत छत्रे स्वतःची सर्कस काढून मोकळे! आपल्याला शाळेत हे कुणी कसं सांगितलं नाही?

गुडघ्यांमागे काळंनिळं झालंय, जिना उतरताना ओरडते आहे. पुढच्या उन्हाळ्यात येतेस ना? तुझंही नाव घालते. दोरीवर तू माझ्याहून सरस होतीस, पण दुसऱ्याचं ऐकणं तुला माझ्याहूनही कमी जमतं. बघू या.

तुझी,
माधवी

ता. क. : आईला यातलं काही बोलू नकोस. तिच्या लेखी मी योगासनांच्या वर्गाला जाते.