वायरिंगचे काम आणि परवाना

मा. संपादक,

आयटीआयचे इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळाले की घरोघरी वायरिंगची कामे स्वतंत्रपणे घेता येतात, हा समज चुकीचा आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे अशी किरकोळ कामे वगळता नवी वायरिंग किंवा जुनीत वाढ परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच करायची असते. तीही सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्र्याच्या (वायरमनच्या) हातून. नव्या मीटरसाठी लागणाऱ्या चाचणी अहवालावर सही ठेकेदाराची. ती घर न पाहताच मिळते, हे उघड गुपित आहे.

त्या सहीआधी खरे तर 500 व्होल्टच्या मेगरने (तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे उपकरण) इन्सुलेशन मोजावे. रोध किमान 1 मेगाओहम हवा. 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) टेस्ट बटण दाबून भागत नाही. त्याने फक्त आरसीसीबी सुटतो का ते कळते, अर्थिंग आहे की नाही ते नाही. प्रत्येक सॉकेटपर्यंत अर्थची तार सलग आहे का, हे वेगळे तपासावे लागते.

नेहमीची चूक म्हणजे 1.5 चौरस मिमी तारेवर तिला न पेलणारा 32 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारा स्विच). तार तापत राहते, एमसीबी पडत नाही. दुसरी, बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ जोडणे. मग आरसीसीबी सारखा पडतो आणि दोष शोधण्याऐवजी तोच बायपास केला जातो!

काम देण्यापूर्वी ग्राहकांनी परवान्याचा क्रमांक आणि मुदत दोन्ही पाहावीत.

— एक विद्युत ठेकेदार, सातारा