ऑक्सिजनवाचूनही वलय फुटते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

भूजल प्रदूषणावरचा आपल्या पुरवणीतील लेख आवडला, मात्र त्यातले एक विधान खटकले. खोल मातीत ऑक्सिजन नसतो, म्हणून तिथे मुरलेल्या पेट्रोलमधल्या बेंझीन, टोल्यूइनचे विघटन होत नाही, असे त्यात म्हटले आहे. टार्विन आणि बसवेल यांनी १९३४ मध्येच ऑक्सिजन नसलेल्या बंद भांड्यातल्या जीवाणूंकडून बेंझोएटचा, म्हणजे बेंझीनचेच वलय (सहा कार्बन अणूंचे कडे) असलेल्या पदार्थाचा, मिथेन होताना दाखवला होता. तरी हा समज काही जात नाही.

त्याला कारणही आहे. उघड्यावरचे जीवाणू ऑक्सिजन नुसता श्वसनासाठी वापरत नाहीत, बेंझीनच्या वलयावर पहिला घाव घालायलाही त्यांना तोच लागतो. श्वसनाचे काम नायट्रेट, सल्फेट किंवा गंजातल्या लोहावर भागते. वलयाचे काय? विनॉक्सी, म्हणजे ऑक्सिजनवाचून जगणारे, जीवाणू तिथे उलट्या बाजूने शिरतात. टोल्यूइनला फ्युमरेट हे पेशीतलेच एक सेंद्रिय आम्ल जोडायचे, फिनॉलला कार्बन डायऑक्साइड, आणि टप्प्याटप्प्याने सगळा माल बेंझॉइल-कोएन्झाइम ए या वलय असलेल्या संयुगाच्या एकाच नाक्यावर आणायचा. मग त्या वलयात इलेक्ट्रॉन कोंबून त्याचे स्थैर्य मोडायचे. रसायनशास्त्रज्ञाला यासाठी सोडियम आणि द्रवरूप अमोनिया लागतो. थॉएरा ॲरोमॅटिका हा जीवाणू तेच काम इलेक्ट्रॉनांच्या प्रत्येक जोडीमागे एटीपीचे, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे, दोन रेणू मोजून करतो. गंजातल्या लोहावर श्वसन करणाऱ्या जिओबॅक्टर या जीवाणूला तेवढी उधळपट्टी परवडत नाही. हे काम करणाऱ्या त्याच्या विकरात (एन्झाइममध्ये) टंगस्टन असते, जुन्या बल्बच्या तारेतले तेच!

हा जिओबॅक्टर मेटॅलिरेड्यूसेन्स अमेरिकेतल्या पोटोमॅक नदीच्या गाळात सापडला. महाविद्यालयात शिकवताना मी त्याच्या बाटल्या ठेवत असे. नायट्रोजन भरून रबरी बुचाने बंद केलेली बाटली, तळाशी गंजाच्या रंगाचा साका, खाद्य म्हणून बेंझोएट. काही आठवड्यांनी साका काळा पडायचा आणि बाहेरून लोहचुंबक लावला की काचेला येऊन चिकटायचा. गंजाचे मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारे लोहाचे ऑक्साइड, झालेले असायचे. मुलांना वलयाची आकृती फळ्यावर शंभरदा काढून जे पटत नसे, ते या चुंबकाने पटे.

अर्थात, यावरून गळती झाली तर होऊ द्या, असे कोणी समजू नये. टोल्यूइन बऱ्यापैकी लवकर संपते. बेंझीनला मात्र हात घालायला कुठलाच अणुगट बाहेर आलेला नसल्याने ते चिवटपणे उरते, आणि कर्करोगकारक तर तेच आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिजीजवळ १९७९ मध्ये तेलवाहिनी फुटली. तिथले जीवाणू ते तेल अनेक दशके खात आले, तरी ते संपले नाही. उलट लोह विरघळताना त्याला धरून बसलेले आर्सेनिकही पाण्यात सुटले.

तेव्हा लेखाच्या ऑनलाइन प्रतीत ‘विघटन होत नाही’च्या जागी ‘सावकाश होते’ एवढी दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपला,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक