गणिताच्या स्लाइड पाठवा, पण पीडीएफ करून

महोदय,

शाळा-महाविद्यालयांच्या व्हॉट्सॲप गटांवर गणिताच्या पीपीटी सर्रास फिरतात. शिक्षकाच्या संगणकावर नेटकी दिसणारी स्लाइड विद्यार्थ्याच्या मोबाइलवर मात्र विस्कटते. वर्गमूळाचे चिन्ह अर्ध्यावर तुटते, अपूर्णांकाची रेघ सरकते, घात खाली उतरून क्ष चा वर्ग ‘क्ष२’ होतो. असा ‘क्ष२’ विद्यार्थी क्ष ची दुप्पट म्हणून वाचतो, तेव्हा त्याला दोष कसा द्यायचा?

पॉवरपॉइंटमधले समीकरण ‘कॅम्ब्रिया मॅथ’ या फॉन्टवर उभे असते आणि तो बहुतेक मोबाइलमध्ये नसतो. यावर उपाय म्हणून पॉवरपॉइंट फाइलमध्ये समीकरणाचे एक चित्रही ठेवतो. मात्र ते चित्र नुसत्या समीकरणाचे नसून संपूर्ण मजकूर-चौकटीचे असते. त्यामुळे समीकरण न समजणाऱ्या ॲपमध्ये आजूबाजूची वाक्येही चित्र बनतात, धूसर होतात. म्हणून लांब समीकरण नेहमी स्वतंत्र चौकटीत लिहावे. गूगल स्लाइड्समध्ये तर समीकरण लिहिण्याची सोयच नाही. तिथे पीपीटी उघडून ‘दुरुस्त’ करायला जाऊ नये.

जुन्या फाइलींची गोष्ट वेगळी. समीकरणे लिहिण्याचे जुने साधन ‘इक्वेशन एडिटर ३.०’ मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये काढून टाकला. त्यात लिहिलेली समीकरणे दिसतात, पण बदलता येत नाहीत, आणि ‘एमटी एक्स्ट्रा’ फॉन्ट नसेल तर दिसण्याचीही खात्री नाही. ती नव्याने टाइप करणेच बरे. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड (सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर रोमन अक्षरांचा कचरा होतो. पीडीएफ केली तर तो दिसतो नीट, पण शोधता येत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा.

पाठवायची ती पीडीएफच. ‘सेव्ह ॲज’मध्ये पीडीएफ निवडा, ‘ऑप्शन्स’ उघडा आणि फॉन्ट जोडता न आल्यास मजकुराचे चित्र करण्याच्या पर्यायावरची खूण राहू द्या. मग ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘प्रॉपर्टीज’मधील ‘फॉन्ट्स’ पाहा. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’, म्हणजे फॉन्ट फाइलमध्येच जोडलेला, असे दिसले पाहिजे. शेवटी स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या साध्या मोबाइलवर फाइल उघडून बघा. स्लाइडचे फोटो काढून पाठवणे हा उपाय नव्हे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करते आणि सर्वांत आधी पादांक व घातांक वाचेनासे होतात.

पीडीएफमध्ये ॲनिमेशन टिकत नाही, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. वर्गसमीकरणाची एक पायरी पुसून त्याच जागी दुसरी आणली असेल, तर पीडीएफच्या एकाच पानावर दोन्ही एकमेकींवर छापल्या जातात. पाठवण्यापूर्वी ‘डुप्लिकेट स्लाइड’ करून प्रत्येक पायरीला वेगळी स्लाइड द्यावी. लाटेक्स या गणिती मजकुराच्या टंकरचना-प्रणालीतील ‘बीमर’ या स्लाइड बनवण्याच्या साधनात नेमके उलटे होते: पायरीपायरीने दाखवताना येणाऱ्या प्रत्येक थांब्याचे वेगळे पान बनते. मोबाइलवर वाचायला ते सोयीचे, छापायला खर्चिक. छपाईसाठी ‘हँडआउट’ हा पर्याय देऊन वेगळी प्रत काढावी. पदवी-पदव्युत्तर वर्गांना शिकवणाऱ्यांनी बीमर शिकून घ्यावेच. त्यातून थेट पीडीएफच निघते आणि निम्मी डोकेदुखी संपते.

एक मर्यादा पीडीएफलाही आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारे सॉफ्टवेअर) चित्र झालेले समीकरण वाचू शकत नाही. तेव्हा मूळ फाइलही सोबत द्यावी आणि चित्राच्या ‘ऑल्ट टेक्स्ट’मध्ये, म्हणजे चित्राला जोडलेल्या वर्णनात, सूत्र शब्दांत लिहावे, उदाहरणार्थ ‘ब चा वर्ग वजा चार गुणिले अ गुणिले क’. शिक्षक प्रशिक्षणांचे साहित्य मागवणाऱ्यांनीही नुसती पीपीटी न घेता पीडीएफ आणि मूळ फाइल अशी जोडी मागावी, ही विनंती.

– गणिताचे काही शिक्षक